मुलांचा व्यायाम : शिक्षा की शिधा?



भांडुप आणि मुलुंड यांच्यामधल्या या आपल्या नाहूरमध्ये मुलांच्या व्यायामाचा विषय काढला की पहिले उत्तर येते, "मैदान कुठे आहे?" तक्रार खोटी नाही. मैदानासाठी आपण भांडलेच पाहिजे. पण तोवर मुलांनी बसून राहावे काय?

सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. 1948 साली संस्थान विलीन झाले. पण त्या व्यायामाला सतरंजीएवढीच जागा लागते, ही गोष्ट आजही खरी आहे. राजेसाहेब स्वतः उतारवयातही नमस्कार घालीत. हुकूम सोडणाऱ्याने आधी स्वतः घाम गाळावा, हा त्यातला धडा!

आता पालकांची दुसरी शंका. "चार महिने व्यायाम केला, पण दंड काही भरले नाहीत." भरणार नाहीतच. वयात येण्यापूर्वी मुलाचे बळ वाढते ते मुख्यतः मज्जातंतूंच्या शिक्षणाने. असलेल्या स्नायूंतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकते. हात दिसतो तेवढाच, पण पेलतो अधिक. धावण्या-उड्या मारण्याने हाडे याच वयात घट्ट होतात. व्यायामाने उंची खुंटते, ही समजूत मात्र निराधार आहे. इजा होते ती चुकीच्या पद्धतीने आणि झेपेल त्याहून अधिक भार दिल्याने.

मग किती करावे? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे की, 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. आणि आठवड्यातून निदान 3 दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. म्हणजे नुसते नमस्कार पुरत नाहीत; त्यांच्या जोडीला लगोरी हवी, खो-खो हवा, जिन्याची चढउतारही हवी. आणि हे रोज हवे. काही आठवडे खंड पडला की मिळवलेले बळ ओसरू लागते. स्नेहसंमेलनापूर्वीच्या पंधरवड्यातल्या कवायतीने वर्षाची भरपाई होत नाही.

पण मंडळी, आपण करतो काय? उठाबशा हा उत्तम व्यायाम. तो आपण शिक्षा म्हणून देतो. खेळाचा तास हे मुलाचे बक्षीस. तो गणित राहिले म्हणून काढून घेतो. शर्यतीत पहिल्या आलेल्याला ढाल देतो. आणि जो मुलगा धापा टाकतो, जी मुलगी मैत्रिणींच्या दप्तरांची राखण करीत कडेला बसते, त्यांच्याकडे पाहातही नाही. व्यायामाची खरी गरज तर त्यांनाच आहे!

म्हणून माझे मागणे थोडके आहे. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नका. काल त्याने पाच नमस्कार घातले, महिन्याने आठ घातले, तर पाठ थोपटा. व्यायाम ही शिक्षा नव्हे, ढालही नव्हे. तो प्रत्येक मुलाचा रोजचा शिधा आहे. उद्या सकाळी सतरंजी अंथराल, तेव्हा आपल्यासाठीही एक अंथरा, एवढे सांगून आपली रजा घेतो.