नाट्यगृह कोणाचे?



ऑपेरागृहांचा इतिहास हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की हे परक्यांचे वैभव. त्याच्याशी आपले काय देणेघेणे? शंका रास्त आहे. परंतु ऑपेरा म्हणजे अखेर गाऊन केलेले नाटक. आपल्या संगीत नाटकात गद्य चालता चालता पद येते. ऑपेरात बहुधा सारे नाटकच गाण्यात आणि वाद्यमेळात बांधलेले असते. भेद मोठा आहे खरा, पण गाणाऱ्या नटाचे वेड ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लागलेले आहे, त्याला ऑपेरा अगदीच परका वाटू नये. आज मात्र आम्हांला गाण्याविषयी बोलायचे नाही. ते गाणे ज्या वास्तूत झाले तिच्याविषयी बोलायचे आहे, आणि त्या वास्तूला एकच प्रश्न विचारायचा आहे : बाई, तू कोणाची?

आरंभी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. ऑपेरा राजवाड्यात जन्मास आला. इ. स. १६००च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या दरबारी मंडळींनी हा खेळ मांडला. १६०७ साली माँटेव्हर्दी या थोर संगीतकाराचा 'ऑर्फेओ' मांतुआच्या गोंझागा राजघराण्याच्या आश्रयाने झाला. पाहुणे निमंत्रित, खर्च धन्याचा, आणि टाळी कधी वाजवायची हेही धन्याच्या मुद्रेकडे पाहून ठरायचे. खेळ संपला की रंगमंचाचे काम संपले. ऑपेराला स्वतःचे घर असे नव्हतेच.

ते घर मिळाले व्हेनिसमध्ये, १६३७ साली. व्हेनिसला राजा नव्हता. ते व्यापाऱ्यांचे प्रजासत्ताक होते. तेथील ट्रॉन नावाच्या घराण्याच्या मालकीचे सान कासियानो हे नाट्यगृह त्या वर्षी ऑपेरासाठी उघडले आणि दारावर तिकीट लागले. पैसे मोजील त्याला आत प्रवेश! ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते, पण तिच्या पोटात एक क्रांती दडलेली होती. निमंत्रित पाहुणा जांभई दाबून बसतो. पैसे मोजलेला प्रेक्षक दाबत नाही. तो उद्या शेजारच्या नाट्यगृहात जातो. बघता बघता व्हेनिसमध्ये एकाहून अधिक ऑपेरागृहे चालू लागली, त्यांच्यात चढाओढ लागली, आणि वृद्ध माँटेव्हर्दीही या नव्या धन्यासाठी, म्हणजे तिकीट काढणाऱ्या लोकांसाठी, ऑपेरा लिहू लागला.

श्रोतेहो, ही कथा ऐकताना आपल्याला सांगली आठवली नाही काय? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. पुढे राजाचे छत्र गेले. भाव्यांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडावे लागले, आणि १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मांतुआकडून व्हेनिसकडे जाण्यास ऑपेराला ३० वर्षे लागली. सांगलीहून मुंबईला येण्यास मराठी नाटकाला १०. राजाश्रयातून लोकाश्रयात येण्याची वाट दोघांचीही एकच आहे.

आता या घराच्या बांधणीकडे पाहू. जुन्या ऑपेरागृहाचा आराखडा घोड्याच्या नालासारखा असतो. मध्ये खाली बसण्याची जागा, सभोवती चारपाच मजले, आणि प्रत्येक मजल्यावर कबुतरखान्याप्रमाणे ओळीने लहान लहान सज्जे. आपल्याकडे यांनाच 'बॉक्स' म्हणत. ही बांधणी नाटक दिसावे म्हणून केलेली आहे असे कोणास वाटेल, तर त्याने बाजूच्या सज्जात बसून पाहावे. मान मुरगळून अर्धा रंगमंच दिसतो. मात्र समोरच्या सज्जातली बाई कोणता हार घालून आली आहे, हे स्वच्छ दिसते! हे सज्जे श्रीमंत घराणी वर्षाच्या बोलीने घेत, कित्येक तर विकत घेत. आणि त्यांच्या पैशावर नाट्यगृह उभे राही. ज्याचा पैसा त्याच्या सोयीची बांधणी.

मिलानचे उदाहरण पाहा. तेथील जुने नाट्यगृह १७७६च्या फेब्रुवारीत जळाले. तेव्हा सज्जांच्या मालकांनी एकत्र येऊन सरकारकडे अर्ज केला, की जागा द्या, आम्ही खर्च सोसतो. सान्ता मारिया आल्ला स्काला नावाचे चर्च पाडून ती जागा मिळाली, पियरमारिनी या स्थपतीने आराखडा केला आणि ३ ऑगस्ट १७७८ रोजी सालिएरीच्या ऑपेराने 'ला स्काला' उघडले. सज्जे मालकांचे, ते आपापल्या आवडीप्रमाणे ते सजवीत. आत जेवणे चालत, गप्पा चालत. नाट्यगृहाच्या दालनांतून जुगारही चाले आणि त्याचे उत्पन्न खेळांच्या खर्चास हातभार लावी. गवयाचे आवडते पद आले म्हणजे मंडळी क्षणभर रंगमंचाकडे वळत, आणि पुन्हा आपल्या ताटाकडे!

आम्ही हसतो आहोत खरे, पण याच मंडळींनी एक मोठे काम केले हेही मान्य केले पाहिजे. लाकडाचे अस्तर, कापड, माणसांनी भरलेले मजले आणि आटोपशीर अंतर यांमुळे या गृहांत माणसाचा उघडा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ध्वनिवर्धकाचे नाव नसताना गाणारा साऱ्या वाद्यमेळावरून ऐकू येतो. आणि सर्वांत वरच्या, छताखालच्या मजल्यावर स्वस्त तिकिटाचे रसिक दाटीने बसत. स्कालात या जागेला 'लोज्जोने' म्हणतात. खालचे लोक दागिने पाहायला येत, वरचे गाणे ऐकायला. गवयाचा सूर ढळला तर पहिली शिट्टी तिथून येई, आणि मोठमोठे गवई त्या मजल्याला भीत. सज्जेवाल्याने घर बांधले, पण त्यात संगीताची चाड राखली ती पिटातल्या आणि माथ्यावरच्या माणसाने.

सज्जाची ही हौस फार दूरवर गेली. न्यूयॉर्कमध्ये जुन्या प्रतिष्ठितांच्या ऑपेरागृहात सज्जे मोजकेच. नवश्रीमंतांना ते मिळेनात. मग त्यांनी रुसून बसण्याऐवजी दुसरे ऑपेरागृहच बांधले. तेच १८८३चे मेट्रोपॉलिटन! मानापमानातूनही कलेचे भले होते ते असे.

या साऱ्या व्यवस्थेविरुद्ध बंड केले ते जर्मनीतल्या रिचर्ड वाग्नरने. बायरॉइट या लहानशा गावी त्याने स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नाट्यगृह उभारले आणि १८७६च्या ऑगस्टमध्ये ते उघडले. बाजूचे सज्जे त्याने काढूनच टाकले. सगळ्या खुर्च्या पंख्यासारख्या पसरलेल्या, सगळ्यांचे तोंड रंगमंचाकडे. वादक एका खोल खड्ड्यात, वर झाकण. सूर येतो पण वाजवणारा दिसत नाही. आणि खेळ चालू होताच प्रेक्षागारात अंधार. आता शेजारणीचा हार दिसण्याची सोयच उरली नाही! आज आपण नाटकाला जातो तेव्हा दिवे मालवले जातात आणि सगळे गप्प होतात. हा शिरस्ता जगभर रूढ होण्यात बायरॉइटचा वाटा मोठा आहे. परंतु या बंडखोरालाही पैशाचा प्रश्न सुटला नाही. खेळ विनामूल्य दाखवावेत असे त्याचे स्वप्न होते. वर्गण्या पुरल्या नाहीत, बव्हेरियाचा राजा लुडविग याच्याकडून कर्ज घ्यावे लागले, पहिल्याच महोत्सवात तोटा आला आणि दुसरा महोत्सव व्हायला १८८२ साल उजाडले. राजाला रजा देऊन निघालेले ऑपेरागृह फिरून राजाच्या दारी गेले.

आता या इतिहासातील दुःखाच्या भागाकडे वळू. ऑपेरागृहांचा खरा वैरी म्हणजे अग्नी. लाकूड, रंगवलेले पडदे, दोरखंड, आणि त्यांच्यामध्ये मेणबत्त्या, तेलाचे दिवे, पुढे गॅस. नेपल्सचे सान कार्लो १८१६ साली जळाले. व्हेनिसचे ला फेनिचे १८३६ साली जळाले. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंगथिएटरात खेळ सुरू होण्याच्या सुमारास गॅसची आग भडकली आणि शेकडो माणसे दगावली. त्या आकांतानंतर लोखंडी पडदा, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे, विजेचे दिवे यांविषयी सरकारे जागी झाली. आज आपण ज्या दारावर 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी पाटी वाचतो आणि दुर्लक्ष करतो, त्या पाटीची किंमत अशा माणसांनी मोजलेली आहे.

जळालेले घर पुन्हा बांधायचे की नाही, या प्रश्नाच्या वेळी ते कोणाचे हे कळते. १९४३च्या ऑगस्टमध्ये मिलानवर बाँब पडले आणि स्कालाचे छप्पर कोसळले. युद्धाने शहर पोळलेले. घरे नाहीत, अन्नाची टंचाई. तरीही ११ मे १९४६ रोजी स्काला पुन्हा उघडले आणि फॅसिस्टांशी न पटल्यामुळे देश सोडून गेलेला तोस्कानिनी परत येऊन वाद्यमेळापुढे उभा राहिला. आधी भाकरी की आधी गाणे, असा वाद मिलानकरांनी घातला नाही. दोन्ही हवे म्हणाले.

ला फेनिचेवर तर दुसऱ्यांदा संकट आले. २९ जानेवारी १९९६च्या रात्री ते पेटले. दुरुस्तीसाठी शेजारचा कालवा कोरडा केलेला होता, त्यामुळे बंबाच्या नावा जवळ जाऊ शकल्या नाहीत. पुढे न्यायालयात सिद्ध झाले, की विजेचे काम करणाऱ्या दोघांनीच आग लावली होती. काम लांबले म्हणून होणारा दंड टाळण्यासाठी! ज्या वास्तूत 'रिगोलेत्तो' आणि 'ला त्राव्हियाता' प्रथम झाले, तिची राख दंडाच्या भीतीपोटी झाली. ती जशी होती तशी, जिथे होती तिथेच बांधायची, असे शहराने ठरवले. जुने नकाशे काढले, छायाचित्रे काढली; व्हिस्कोंतीच्या १९५४च्या चित्रपटात आतला भाग आला होता, तोही कामास आला. २००३च्या डिसेंबरात दारे उघडली.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत गिरगावाजवळचा एक सबंध भाग 'ऑपेरा हाऊस' या नावाने ओळखला जातो. ते रॉयल ऑपेरा हाऊस मॉरिस बँडमन या नाटकव्यावसायिकाने आणि जहांगीर कराका या पारशी गृहस्थाने उभारले. १९११ साली पाचव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. ऑपेरा ऐकणारा वर्ग मुंबईत मूठभर. ते घर जगवले कोणी? बालगंधर्वांच्या आणि दीनानाथांच्या गाण्याने, पृथ्वीराज कपूरांच्या नाटकांनी, आणि मग सिनेमाने. पुढे सिनेमाही थांबला आणि १९९३ साली दारे मिटली. जीर्णोद्धार होऊन ती पुन्हा उघडली २०१६ साली. मधल्या २३ वर्षांत बसथांब्यावर, स्टेशनाबाहेर लोक 'ऑपेरा हाऊस' म्हणतच होते. नाव जिभेवर होते आणि वास्तू कुलपात. आग न लागताही घर मरते ते असे.

आणि कोल्हापूर! १९०२ साली युरोप पाहून आलेल्या शाहूमहाराजांनी पॅलेस थिएटर बांधले. ते १९१५मध्ये पुरे झाले. शेजारी कुस्तीचे खासबाग मैदान. गाणे आणि कुस्ती पाठीला पाठ लावून, ही खास कोल्हापुरी दृष्टी. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. ज्यांनी तेथे काम केले ते नट, ज्यांनी पडदे ओढले ते कामगार आणि ज्यांनी पिटात बसून नाटके पाहिली ते लोक, सारे त्या राखेपाशी येऊन रडले. नाट्यगृह पुन्हा उभे करण्याचे ठरले, हे योग्यच झाले. पण आमच्या मते त्याचा खरा मालकीहक्क त्या रात्रीच शाबीत झाला. सातबारा कोणाच्याही नावाचा असो.

मित्रहो, आमचे म्हणणे एवढेच आहे. राजाने बांधलेले घर राजाबरोबर जाते. शेठजींनी बांधलेले शेठजींच्या हौसेवर टिकते. आणि सरकारने बांधलेले उद्‌घाटनाच्या कोनशिलेनंतर कोणाचेच नसते, जर गावाने ते आपले म्हटले नाही. आपल्या गावातील नाट्यगृहाचे छप्पर गळते काय, विजेच्या तारा कोणी तपासल्या काय, बाहेर जाण्याच्या दाराला कुलूप आहे काय, आणि वर्षाचे ३६५ दिवस लग्ने आणि सत्कारसमारंभ यांतून नाटकाला किती दिवस उरतात, हे आपण किती जणांनी विचारले आहे? हे प्रश्न राख झाल्यावर विचारून उपयोग नाही. आणखी एक मागणे आहे. नवे नाट्यगृह बांधा, जुने दुरुस्त करा, पण छताखालचा तो स्वस्त तिकिटाचा मजला ठेवा. सूर ढळला तर शिट्टी वाजवणारा माणूस तिथेच बसतो, आणि घर जळाले तर रडणाराही बहुधा तोच असतो.