दोष कोणाचा?



पहिल्याच वर्षात बाळाचे डोके प्रमाणाबाहेर वाढते. चालणे उशिरा येते, पुढे तोल जातो, झटके येतात. अशा वेळी घरातील बोटे प्रथम आईकडे वळतात. मेंदूच्या एम.आर.आय. चित्रात पांढरा भाग सर्वत्र सुजलेला आणि कानशिलांलगत द्रवाने भरलेल्या पोकळ्या दिसल्या, की ‘एम.एल.सी.’ या दुर्मीळ आनुवंशिक विकाराची ओळख पटते.

मुंबईचे डॉ. भीम सिंघल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अग्रवाल समाजातील असे रुग्ण वैद्यकविश्वापुढे मांडले. २००१ मध्ये त्याचे जनुक सापडले. पिढ्यान्‌पिढ्या समाजांतर्गत विवाह झाल्याने एका पूर्वजाकडील जनुकदोष तेथे अनेक घरांत पोहोचला.

यात माता व पिता दोघेही निरोगी वाहक असतात. प्रत्येक अपत्याला विकाराची शक्यता २५ टक्के. अपराध कोणाचाच नाही. आपणही लहानशा समाजातच सोयरीक जुळवतो. म्हणून कुटुंबात असा रुग्ण असल्यास ते लपवू नये; विवाहापूर्वी जनुकतपासणी व सल्ला घ्यावा. निरपराध मातेला टोचून बोलणे, हीसुद्धा हिंसाच होय.

जय जिनेंद्र!