जुना सॅक्सोफोन घेतांना

आकुर्डीच्या माणसाला जुनें यंत्र पारखण्याची विद्या शिकवावी लागत नाहीं. बजाजच्या नव्या स्कूटरसाठीं जेव्हां नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, तेव्हां पुष्कळ घरांत जुनीच गाडी येई. आणि ती घेणारा रंगाची चकाकी बाजूस ठेवून आधीं एंजिनाचा आवाज ऐके. आकुर्डीच्या कारखान्यांतील वाहनांचें उत्पादन २००७ सालीं थांबलें, तरी ही दृष्टि हरपलेली नाहीं. परंतु तोच चोखंदळ गृहस्थ मुलासाठीं जुना सॅक्सोफोन घ्यावयास निघाला, कीं पिवळ्याधमक पितळेपुढें त्याची पारख थबकते.

बेल्जममधील आडोल्फ साक्स या कारागिरानें हें वाद्य निर्माण केलें व १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. त्याचा देह पितळेचा, पण कुळ सनई-क्लॅरिनेटचें. कारण त्याचा स्वर मुखाशीं बसविलेल्या बोरूच्या पातळ पट्टीच्या कंपनांतून उठतो. १९३५ सालीं लिऑन अॅबी याचा जाझ ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. गोमंतकीय वादकांनीं हें वाद्य आपलेंसें केलें, आणि मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांच्या वादनानें चित्रपटगीतांतून त्याचा स्वर घरोघर पोंचविला.

या वाद्याचें मर्म त्याच्या झांकणांत आहे. निमुळत्या नळीवर वीसांहून अधिक छिद्रें असतात. प्रत्येक छिद्रावर एक झांकण व त्याच्या आंत चामडें चढविलेली नमद्याची गादी असते. एक गादी जरी वांकडी बसली, तरी हवा निसटते आणि खालचे स्वर फुटतात किंवा उमटतच नाहींत. शिकणाऱ्याला हें कळत नाहीं. तो अधिक जोरानें फुंकतो, ओंठ आवळतो, थकतो. आणि अखेर आपल्या अंगीं संगीतच नाहीं, अशी समजूत करून घेऊन वाद्य कपाटांत ठेवून देतो. दोष चामड्याचा, शिक्षा मात्र मुलाला! पैसे बुडण्यापेक्षां ही हानि मोठी.

म्हणून पहिली परीक्षा अंधाऱ्या खोलींत करावी. नळीच्या आंत एक लहानसा दिवा सोडून झांकणें हलक्या बोटांनीं मिटावीं. जेथून प्रकाशाची रेघ दिसेल, तेथून हवाही जाते. मग जाणत्या वादकाकडून सर्वांत खालचे स्वर अगदीं हळू वाजवून घ्यावे. ते सहज उमटले, तर वाद्याची प्रकृति ठीक आहे. वरची वांकडी मान दबलेली नाहीं ना, कळा आडव्या डळमळत नाहींत ना, हेंही पाहावें. पितळेवरील लेप उडाला असल्यास स्वरास फारसा बाध येत नाहीं. उलट, जुनें वाद्य अति चकचकीत दिसलें, तर तें घासून धातु झिजविला आहे काय, ही शंका घ्यावी. आपल्याकडील पावसाळ्यांत चामडें फुगतें व गाद्या चिकटतात. तेव्हां त्या बदलण्याचा खर्च कारागिराकडून आधीं विचारून मागितलेल्या किंमतींत मिळवावा, आणि मगच सौदा करावा.

पेटीच्या परिभाषेंत सांगावयाचें, तर आल्टो सॅक्सोफोनवर लिहिलेला पाश्चात्य 'सी' काळी दोनमध्यें वाजतो व टेनरवर काळी पांचमध्यें. मुलाला आल्टो हलका पडतो. १९२० च्या सुमारास अमेरिकेंत लोकप्रिय झालेला 'सी मेलडी' हा प्रकार स्वस्त मिळाला, तरी बँडमधील आल्टो-टेनरच्या जागीं तो बसत नाहीं.

मुखाचा भाग स्वच्छ धुतलेला वा नवा असावा. बोरूची पट्टी तर नवीच घ्यावी. लग्नाच्या वा गणपतीच्या मिरवणुकींत सॅक्सोफोन वाजविणारा एखादा अनुभवी वादक योग्य मेहनताना देऊन बरोबर न्यावा. तो पहिली फुंकर घालील, तेव्हां घेणाऱ्यानें डोळे मिटून ऐकावें. तें वाद्य त्याच्या हातीं मऊ बोललें, तर मुलाच्या हातून पुढें जो स्वर चुकेल तो निदान त्याचा स्वतःचा असेल, आणि तो रियाजानें सुधारतां येईल.