मोटारीतील थंडाव्याची गळती

घागरीला चीर पडली असता तिच्यात पुन्हा पुन्हा पाणी ओतणाऱ्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेच्या बाबतीत नेमका हाच प्रकार सर्रास चालतो. वैशाखात गाडी थंड होईनाशी झाली, की ती गॅरेजात नेली जाते. ‘गॅस संपला’ असे निदान होते. नवा गॅस भरला जातो. आणि पुढच्या उन्हाळ्यात, कित्येकदा पुढच्या महिन्यातच, तोच खर्च पुन्हा उभा राहतो.

वास्तविक हा गॅस पेट्रोलप्रमाणे जळून जाणारा पदार्थ नव्हे. तो बंद मार्गाने फिरत असतो. कॉम्प्रेसर त्यावर दाब आणतो. गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून तो द्रवरूप होतो. ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून पुढे जाऊन तो अरुंद झडपेतून सुटला, की त्याचा दाब एकदम उतरतो. आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो आतील हवेची उष्णता हरण करतो. लहान मोटारीत हा गॅस साधारण अर्धा किलो असतो. रबरी नळ्यांतून अनेक वर्षांत थोडा झिरपतो, हे खरे. परंतु एका हंगामात तो नाहीसा झाला, तर कोठेतरी गळती आहे, हे निश्चित समजावे. गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे. ते हवेतील बाष्पाचे दव होय.

गळतीचा शोध डोळ्यांनीच सुरू करावा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते व त्यावर धूळ बसते. म्हणून नळीच्या सांध्यावर तेलकट काळा डाग दिसला, तर तेथे संशय घ्यावा. दगड लागून किंवा समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने गंजून कंडेन्सरला बारीक छिद्रे पडतात. कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील, सांध्यांतील रबरी ओ-रिंगा आणि गॅस भरण्याच्या तोंडाची पिन, ही आणखी तीन नेहमीची ठिकाणे होत.

संशयित सांध्यावर साबणाचे पाणी लावले असता मोठ्या गळतीपाशी बुडबुडे येतात. सूक्ष्म गळतीसाठी विद्युत् शोधक वापरतात. हा गॅस हवेहून जड असल्यामुळे शोधकाचे टोक सांध्याच्या खालच्या अंगाने, अगदी सावकाश न्यावे लागते. कूलिंग कॉइल दडलेली असते. तिची परीक्षा पाणी जाण्याच्या नळीच्या तोंडाशी होते. ही तपासणी इंजिन बंद ठेवून करावी, कारण त्या वेळी कॉइलमधील दाब चालू स्थितीपेक्षा जास्त असतो. तेलात मिसळलेला रंग अतिनील दिव्याखाली चमकतो, हीही एक खात्रीची रीत आहे. यंत्रणा रिकामी असेल, तर कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का, ते पाहतात. त्यासाठी ऑक्सिजन कदापि वापरू नये; तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

जागा सापडल्यावर उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा. ओ-रिंग नवी, योग्य तेल लावून बसवावी. छिद्र पडलेला कंडेन्सर बदलणेच हिताचे. गळती बुजवणाऱ्या बाटलीतील द्रवांचा मोह धरू नये. ते झडपही बुजवू शकतात. यंत्रणा उघडली, की ड्रायर नवा घालावा. मग पंपाने निर्वात करून ओलावा काढावा, आणि गॅस वजन करूनच भरावा. प्रमाणाबाहेर भरल्यास थंडावा उलट घटतो. द्रवरूप गॅस कातडीला लागला तर ती गोठते. तेव्हा हे काम हातमोजे व चष्मा घालून, जाणकारानेच करावे.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. पूर्वी मोटारींत आर-१२ हा गॅस असे. अशा वायूंतील क्लोरीन ओझोनच्या थराचा नाश करते, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले, आणि १९८७ च्या माँट्रिअल करारान्वये त्यांच्यावर निर्बंध आले. त्यानंतरचा आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या तेराशेपटींहून अधिक उष्णता तो अडवून धरतो. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असल्या वायूंचाही वापर घटविण्याचे ठरले. गळक्या गाडीत दरसाल भरलेला गॅस अखेर याच हवेत जातो.

म्हणून गाडीच्या मालकाने गॅस भरून घेण्यापूर्वी, आधीचा गेला कोठून, हे मेकॅनिकला विचारावे, आणि गळतीची जागा प्रत्यक्ष दाखवावयास सांगावी. शिवाय थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून दहा मिनिटे यंत्रणा चालू ठेवावी. त्यामुळे तेल फिरते, सील ओले राहते, आणि पुढची गळती लांबते.