वर्कशॉपमध्ये कुणाला पाठवायचं?

मी वडोदऱ्याचा. आमचे आजोबा गायकवाडी काळात इथं आले, त्यामुळे माझं मराठी जरा गुजराती वळणाचं वाटलं तर सांभाळून घ्या. 31 वर्षं मी हायस्कुलात वर्कशॉप शिकवलं. फिटिंग आणि सुतारकाम. कानस, करवत, रंधा, गुण्या, हाच माझा खडू-फळा.

आमच्या शाळेत दरवर्षी एक यादी बनायची. आठवीचा निकाल लागला की शिक्षकांची बैठक व्हायची आणि ज्यांचे मार्क सगळ्यात कमी, त्यांच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं जायचं, 'टेक्निकल'. कुणी वाईट हेतूनं करत नव्हतं. मीही त्या बैठकीत बसायचो आणि मान डोलवायचो. मुलं येताहेत ना आपल्याकडे, मग झालं, असं मला वाटायचं. आज मला त्या यादीबद्दलच बोलायचं आहे.

आधी एका मुलाची गोष्ट. नववीत गणितात दोनदा नापास. वडील कडिया, म्हणजे आपल्याकडचे गवंडी. शाळेत सायकल स्टँड बांधायचं ठरलं आणि आखणी मी मुलांवर सोपवली. 12 फूट लांब, 9 फूट रुंद, चार कोपऱ्यांना चार खांब. मुलांनी सुतळी ताणली, चुना टाकला. चारही बाजू बरोबर, पण आकार तिरका. कोपऱ्यावर गुण्या लावून पाहिला, पण एवढ्या लांबीला छोट्या गुण्याचा काय पाड? तेव्हा हा मुलगा म्हणाला, "सर, पप्पा तीन-चार-पाच करतात." एका बाजूवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 आलं की कोपरा काटकोनात. त्यानं तसं करून दाखवलं. मग मी विचारलं, "आता पूर्ण चौकटीचा कर्ण किती यायला हवा?" तो थोडा वेळ गप्प राहिला. "तीनाचे नऊ झाले, चाराचे बारा झाले... म्हणजे पंधरा?" टेप लावली. 15 फूट.

पायथागोरसचं प्रमेय त्याच्या घरात रोज वापरलं जात होतं, आणि वर्गात त्याच प्रमेयावर तो नापास होत होता. ही दोन एकच गोष्ट आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाई अख्खा वर्ग घेऊन मैदानात आल्या आणि त्या मुलानं तो धडा शिकवला. दहावीला त्याला गणितात 46 मिळाले. पहिला-बिहिला आला नाही. पण शाळा सोडायच्या गोष्टी करत होता, त्या बंद झाल्या. माझ्या मते हेच मोठं.

अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तांत्रिक विषय जास्त घेतलेल्या मुलांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता जास्त होती, आणि त्यामुळे कॉलेजला जायची वाट बंद झाली असंही दिसलं नाही. आपल्या पालकांना भीती वाटते ती नेमकी याचीच.

आता कुणी म्हणेल, हे नवीन काय? काहीच नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये आमच्या याच गावात कलाभवन काढलं, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं. दादासाहेब फाळके तिथंच शिकले. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. 1986 च्या धोरणानं 1995 पर्यंत उच्च माध्यमिकच्या 25 टक्के मुलांना व्यवसाय शिक्षण द्यायचं लिहिलं. 2020 चं धोरण 2025 पर्यंत 50 टक्के म्हणतं. कागदावर आपण कधीच मागे नव्हतो.

जिथं हे जमलं, तिथं काय वेगळं होतं ते पाहा. पुण्यापासून सत्तरेक किलोमीटरवर पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून तिथं गेले आणि 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय बसवला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग. आठवड्यातला एक दिवस हातानं काम. आणि नुसता नमुना करून फेकायचा नाही, तर गावाला लागणारी वस्तू किंवा सेवा द्यायची, तिचे पैसे घ्यायचे, हिशेब ठेवायचा. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा विषय अख्ख्या वर्गासाठी. हुशार कोण, ढ कोण, अशी चाळण लावायची नाही.

उलट टोकाला आजचा एक नियम घ्या. सीबीएसईत दहावीला कौशल्याचा विषय सहावा म्हणून घेता येतो. विज्ञान, गणित किंवा समाजशास्त्रात नापास झालात तर त्याच्या जागी हा धरला जातो. मुलाचं वर्ष वाचतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरोघरी अर्थ काय लावला जातो? 'असू दे, पडलास तर उपयोगी येईल.' म्हणजे स्पेअर टायर. डिकीत पडलेला टायर कुणी रोज पुसत नाही. त्या विषयाला शिक्षक कंत्राटी, यंत्रावर धूळ, आणि प्रॅक्टिकलचे मार्क घरबसल्या. शाळा बघायला जाल तेव्हा वर्कशॉप उघडून दाखवा म्हणा. किल्ली शोधायला किती वेळ लागतो ते बघा.

आणि आता ती गोष्ट, जी मला सांगायला जड जाते. साधारण वीस वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. वर्गात पहिली-दुसरी असायची. म्हणाली, "सर, मला वर्कशॉप घ्यायचंय." मी हसलो. म्हटलं, "अगं, तुझे मार्क बघ. हे तुझ्यासाठी नाही." खरं तर मनात दोन गोष्टी होत्या, ती हुशार आहे आणि ती मुलगी आहे. दोन्ही मी एकाच वाक्यात बसवल्या. तिनं संस्कृत घेतलं.

काही वर्षांनी ती भेटली, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "सर, पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये पूर्ण सेमिस्टर मला कानस सरळ धरता येईना. शेजारचा मुलगा टेक्निकलमधून आलेला, त्याचा जॉब पहिल्या तासात बसला. मी घरी येऊन रडले." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही मला का नाही घेतलं?"

मी तिला खरं उत्तर दिलं नाही, शाळेचा नियम होता असं सांगितलं. नियम नव्हताच. पुढच्या जूनच्या बैठकीत मात्र मी ती पेन्सिल मागून घेतली आणि म्हटलं, या वर्षी यादी मार्कांवर नको, मुलांना विचारून करू. मुख्याध्यापक वैतागले, अर्धा तास वाद झाला. त्या वर्षी 40 जागांसाठी 70 मुलं आली, त्यात 11 मुली. व्हाइस कमी पडले म्हणून आम्ही दोन पाळ्या केल्या, आणि दुसऱ्या पाळीला चहा मी माझ्या खिशातून पाजायचो.