दरड, वाडी आणि माणसाचे मन



माणूस स्वतःच्या बुद्धीने विचार करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. त्याच्या विचारांचा मोठा भाग भोवतालच्या माणसांकडे पाहून घडत असतो. शेजारच्या खाचरात लावणी सुरू झाली की शेतकऱ्याचे पाऊल आपोआप स्वतःच्या शेताकडे वळते. सभेत कोणीच हात वर केला नाही तर मनात शंका असलेला सभासदही गप्प राहतो. अशा नित्याच्या व्यवहारांचा पद्धतशीर अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे समाजमानसशास्त्र होय. कर्जत आणि खालापूर या डोंगराळ तालुक्यांत हे शास्त्र केवळ पुस्तकी राहत नाही. पावसाळ्यात त्याचा संबंध थेट जीविताशी येतो.

इर्शाळवाडीचा धडा

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ४८ कुटुंबांची, २२८ लोकवस्तीची ही ठाकर समाजाची वाडी. गाडीरस्ता नसल्याने मदतपथकांना डोंगर पायी चढून जावे लागले. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. डोंगर पिढ्यानपिढ्या उभा आहे म्हणून तो उद्याही उभा राहील, असे डोंगरावर राहणाऱ्यास वाटणे स्वाभाविक असते. यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, असे कार्यालयात बसणाऱ्यास वाटणे हेही त्याच जातीचे आहे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली असे दाखवून दिले की, जी गोष्ट चटकन आठवते ती माणसास अधिक संभवनीय वाटते. ज्या संकटाची आठवणच नाही, ते त्याच्या लेखी जवळजवळ नसतेच. माळीण येथे २०१४ साली आणि तळिये येथे २०२१ साली दरडी कोसळल्या, तेव्हा सर्वांच्या मनात डोंगराची धास्ती होती. काही पावसाळे सुखरूप गेले की अशी धास्ती ओसरते. डोंगराचा उतार मात्र तसाच राहतो.

सर्व शांत, म्हणून मीही शांत

१९६८ साली न्यूयॉर्कमध्ये बिब लताने आणि जॉन डार्ली यांनी एक साधा प्रयोग केला. प्रश्नपत्रिका भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत भिंतीतील फटीतून धूर सोडण्यात आला. खोलीत एकटाच असलेल्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थ्यांनी बाहेर जाऊन वर्दी दिली. परंतु सोबत निश्चल बसून राहणारी दोन माणसे मुद्दाम ठेवली, तेव्हा केवळ १० टक्के विद्यार्थी उठले. ते भित्रे वा निष्काळजी नव्हते. शेजारी शांत आहे, त्याअर्थी काळजीचे कारण नसावे, असे त्यांच्या मनाने ठरविले होते.

पावसाच्या रात्री वाडीत हेच घडू शकते. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झालेले एकाला दिसते. घरामागच्या उतारावर नवी भेग दुसऱ्याला दिसते. दोघेही शेजारच्या घराकडे पाहतात. तेथे दिवा मालवलेला असतो. दोघेही परत अंथरुणावर पडतात. प्रत्येकाच्या मनात भीती असते आणि प्रत्येकाला वाटते की इतर निर्धास्त आहेत.

“लोक ऐकत नाहीत”

अशा वेळी कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येते: लोक ऐकत नाहीत. दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचे, या प्रवृत्तीस ली रॉस यांनी १९७७ साली कारणमीमांसेतील मूलभूत चूक म्हटले. घर न सोडणाऱ्या कुटुंबाची परिस्थिती पाहिली तर चित्र पालटते. शाळेच्या खोलीत माणसांची सोय होते, शेळ्यांची होत नाही. म्हातारीला निसरड्या वाटेने अंधारात कोणी उतरवायचे, हे ठरलेले नसते. मागच्या खेपेस दोन दिवस घर सोडले आणि काहीच झाले नाही, तेव्हा बुडालेली मजुरी लक्षात राहते. हा हट्ट नव्हे, हिशेब आहे. आणि हिशेब बदलण्याचे साधन दटावणी नसून सोय हे होय.

भीतीचे कारण कळले नाही तर माणसे ते स्वतः तयार करतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवांचा अभ्यास केला. धक्का जाणवला, परंतु मोठी हानी डोळ्यांना दिसत नव्हती, अशा भागात आणखी भयंकर संकटांची भाकिते पसरली होती. म्हणून “गाव सोडा” एवढाच निरोप पुरेसा नाही. पाऊस किती झाला, भेग कोठे पडली, निवाऱ्यात किती दिवस राहावे लागेल, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. इशारा देऊनही दरड आली नाही, तर नंतर वाडीत जाऊन त्याचा खुलासा करणे हेही कर्तव्यच आहे.

निर्णय वाडीचा असावा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुर्ट लेविन यांनी अमेरिकन गृहिणींच्या आहारातील बदलाचा अभ्यास केला. ज्यांनी केवळ व्याख्यान ऐकले, त्यांच्यापैकी ३ टक्के स्त्रियांनी सुचविलेला नवा पदार्थ घरी केला. ज्यांनी एकत्र बसून चर्चा केली आणि सर्वांदेखत हात वर करून निश्चय केला, त्यांच्यापैकी ३२ टक्के स्त्रियांनी तो केला. दोन्ही गटांना दिलेली माहिती सारखीच होती. निर्णय कोणाचा, एवढाच फरक होता.

या तालुक्यांतील ग्रामपंचायतींना यातून करता येण्यासारखे पुष्कळ आहे. वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे परत आल्यावर, पावसाच्या तोंडावर, बैठक कार्यालयात न घेता वाडीतच घ्यावी. भेगा, कललेली झाडे, गढूळ वा अचानक आटलेले झरे या खुणा तेथील वृद्धांकडूनच वदवून घ्याव्यात. प्रत्येक कुटुंबाने कोठे जायचे, आजारी माणसाला कोणी उचलायचे, गुरे कोठे बांधायची, हे सर्वांसमक्ष सांगावे. शेजारच्या दोन घरांची जोडी लावावी. सर्वांत आधी निघणारी चार घरे आधीच ठरवावीत. कारण पहिले घर निघाले की पुढील घरांना निघणे सोपे जाते. दिवसाउजेडी एकदा तालीम करावी आणि तिचे नेतृत्व शाळेतील मुलांकडे द्यावे. घरातून निघायचे कसे, हे आईबापांना मुलांइतक्या हट्टाने दुसरे कोणी सांगणार नाही.

डोंगराची पाहणी भूवैज्ञानिक करतील, पावसाचा अंदाज हवामान खाते देईल. परंतु इशारा मिळाल्यापासून पाऊल उचलेपर्यंतचे जे अंतर आहे, ते मनातले आहे. ते कमी करण्याचे काम सरपंच, शिक्षक आणि तलाठी यांचे आहे, आणि ते जून उजाडण्यापूर्वीच झाले पाहिजे.