गोठ्याचा जमाखर्च

भाताची झोडणी उरकून अंगणात पेंढ्याची गंज उभी राहिली, की मावळातील शेतकऱ्याच्या मनात दोन संकरित गायी घेण्याचा विचार हमखास डोकावतो. कारण वैरण घरची असते, आणि लोणावळा-खंडाळ्याच्या उपाहारगृहांना आणि तळेगावच्या वाढत्या वस्तीला दूध लागतेच. मात्र या धंद्यात पदरात पडते किती, हे खाजगी प्रकल्प अहवालावरून ठरवावे की सरकारी दप्तरावरून, हा विचार सहसा गायी दावणीला बांधून झाल्यावर सुचतो.

खाजगी अहवाल बहुधा पशुखाद्य वा जनावरे विकणाऱ्याच्या, नाहीतर कर्जाची प्रकरणे करून देणाऱ्याच्या हातचा असतो. त्यातील गाय बाराही महिने दूध देते. ती उलटत नाही, तिला दगडी होत नाही, आणि विण्यापूर्वीचे आटलेले दोन महिने तिच्या वाट्याला येतच नाहीत. दराचा रकाना ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन पदार्थ) या प्रतीला मिळणाऱ्या पुऱ्या भावाने भरलेला असतो. पण पावसाळ्यात जनावर कोवळ्या गवतावर गेले, की संकलन केंद्राच्या चिठ्ठीवर फॅट उतरते आणि तिच्यामागोमाग दरही उतरतो.

म्हणून सरकारी आकडा डोळे मिटून घ्यावा, असे नव्हे. जुलै २०२३ मध्ये शासनाने याच प्रतीच्या दुधास लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरविला; पुढे काही महिन्यांतच प्रत्यक्ष भाव त्याखाली घसरले, आणि लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान जाहीर करण्याची पाळी आली. १९१९ पासून चालत आलेली पशुगणना डोकी मोजते. पशुसंवर्धन खात्याची नमुना पाहणी उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशा तीन हंगामांत दुधाचा अंदाज घेते. नफ्याचा तपास करावयाचा, तर २०१९ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीकडे वळावे लागते.

तेथे मोठी मौज आहे. देशातील सरासरी शेतकरी कुटुंबास पशुपालनातून दरमहा १,५८२ रुपये सुटतात, असे ती सांगते. परंतु हा हिशेब केवळ रोख खर्च वजा करून मांडलेला आहे. रोख पैसे न मोजता वापरलेल्या घरच्या जिनसांचे मूल्यही खर्चात धरताच तोच आकडा ४४१ वर येतो. जनावर तेच, पाहणी तीच, अन् नफा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! ही सरासरी अखिल देशाची, शिवाय जुनी, आणि मावळच्या मुसळधार पावसाची तीत दखलही नाही. तरीही मला तीच अधिक भरवशाची वाटते, कारण आपला आकडा कसा बदलतो हे तिने स्वतःच छापून ठेवले आहे.

तेव्हा कोणी गुळगुळीत कागदावरचा अहवाल घेऊन दारी आला, तर पेंढ्याला भाव कोणता लावला आणि आटलेले दोन महिने कोणत्या पानावर आहेत, हे त्यास खुशाल विचारावे. आणि सौद्याचा विसार देण्यापूर्वी शेजारच्या गोठ्यातील श्रावणातल्या दुधाच्या चिठ्ठ्या मागून आणून पाहाव्यात.